उजनी शंभर टक्के, तरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी : धरण चालवायचं कसं?

नळाची_वेळ

उजनीचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यात मृत साठा (कालव्याच्या तोंडाखालचं तळाचं पाणी) ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७. धरण १९८० पासून उभं आहे, जलवाहिनीच्या मापाने सोलापूर शहरापासून ११० किलोमीटरवर. ऑक्टोबरात ‘उजनी १०० टक्के’ आणि मेमध्ये ‘उजनी मायनस’, या दोन्ही बातम्या आता पाठ झाल्यात. नळाचं वेळापत्रक मात्र दोन्ही वेळेला सारखंच, चार-पाच दिवसांआड.

माझं मत स्पष्ट आहे. पाणी कमी नाही, ते राखण्याची आणि सोडण्याची पद्धत चुकते आहे. जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं : सोलापूरसाठी उजनीत किती पाणी, कोणत्या पातळीपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत राखून ठेवायला हवं? पक्षांचं राजकारण इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

क्युसेक

आधी टक्क्याचा अर्थ लावू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

उजनीची टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात, पाणी मृत साठ्यात उतरलं की ‘मायनस’. १ टक्का म्हणजे ०.५३५७ टीएमसी, म्हणजे साधारण १,५१७ कोटी लिटर. जुन्या जलवाहिनीची क्षमता ८० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) आणि समांतर जलवाहिनीची १७०. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालल्या तर दिवसाला २५ कोटी लिटर. म्हणजे उजनीचा एक टक्का शहराला ६० दिवस पुरतो.

वर्षाचे होतात ३.२२ टीएमसी, उपयुक्त साठ्याच्या ६ टक्क्यांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. माणशी १३५ लिटरने तेव्हाची गरज १२८ एमएलडी. आज लोकसंख्या वाढली आणि गळती धरली, तरी २५० एमएलडी हा आकडा तोकडा नाही. धागाकर्त्यांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, पाणी कमी नाही.

शेंगाचटणी

६० दिवस?? एका टक्क्यात? मग उरलेले ९४ टक्के जातात कुठे?

क्युसेक

कालवे, उपसा योजना, नदी आणि ऊन. उन्हाचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून सांगतो.

मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, पूर्ण साठ्याची ४९६.८३ मीटर. म्हणजे अख्खे ५३.५७ टीएमसी फक्त ५.८० मीटर उंचीत मावतात. घनफळाला उंचीने भागलं की सरासरी पाणपसारा निघतो २६० चौरस किलोमीटर. धरण उथळ आणि पसरट आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जलाशयावरून दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. २६० चौरस किलोमीटरवर ८ मिलिमीटर म्हणजे २०८ कोटी लिटर. मेमध्ये पसारा आक्रसतो, म्हणून निम्माच धरा. तरी १०४ कोटी लिटर, शहराच्या पूर्ण उपशाच्या चौपट, रोज.

म्हणून राखीव साठा ठरवताना ‘शहराला ३ टीएमसी ठेवले’ एवढं पुरत नाही. ते ३ टीएमसी जूनपर्यंत टिकण्यासाठी त्यांच्यावरचं बाष्पीभवन वेगळं धरावं लागतं. ते धरलं नाही तर कागदावर पाणी असतं आणि जॅकवेलच्या (धरणातलं पाणी उपसणाऱ्या विहिरीच्या) तोंडाशी चिखल.

भीमाकाठ

क्युसेक यांचा हिशेब जलवाहिनीपुरता खरा आहे. पण शहराचं पाणी नुसतं जलवाहिनीने येत नाही. टाकळीला शहरासाठी भीमेतून उपसा होतो, त्यासाठी नदीवरचा औज बंधारा भरावा लागतो आणि तो भरायला उजनीतून भीमेत पाणी सोडतात. खरा खर्च तिथे आहे.

६,००० क्युसेकने (सेकंदाला घनफूट) दहा दिवस सोडलं तर ५.१८ टीएमसी जातात. म्हणजे उजनीचे जवळपास १० टक्के एका पाळीला. औजमध्ये त्यातला लहानसा हिस्सा पोहोचतो. वाटेत काय होतं ते क्रमाने बघा.

नदीचं पात्र उन्हाळ्यात कोरडं असतं. पहिलं पाणी वाळू पिते आणि तोंड पुढे सरकतच नाही. मग वाटेतले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यांचे बर्गे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) आधी काढून ठेवले नसतील तर प्रत्येक बंधारा आधी स्वतः भरतो, मग पुढे सोडतो. त्यानंतर दोन्ही काठांच्या मोटारी. नदीकाठची थ्री-फेज वीज त्या काळात कमी करतात ती याचसाठी, पण डिझेल इंजिनं चालूच राहतात. उजनीतून निघालेलं पाणी औजला यायला आठ-दहा दिवस लागतात.

विसर्गाची पद्धतही महत्त्वाची आहे. सुरुवातीला १,५०० क्युसेक सोडून हळूहळू वाढवत नेलं की काठावरची माणसं-जनावरं सुरक्षित राहतात, ते हवंच. पण १,५०० वर दोन-तीन दिवस रेंगाळलं तर तेवढं पाणी वाळूतच मुरतं. काही तासांत टप्पे संपवून मुख्य विसर्गावर यायचं, तोंड पंढरपूरच्या खाली गेलं की कमी करायला लागायचं. शेपटाचं पाणी ओल्या पात्रातून कमी तुटीत येतं. पाणी औजला पोहोचेपर्यंत वरून पूर्ण विसर्ग चालू ठेवला तर त्यानंतरही आठ दिवस पाणी येत राहतं आणि बंधाऱ्यावरून कर्नाटकात जातं.

कोरडवाहू_मंगळवेढा

भीमाकाठ, तांत्रिक भाग मान्य. ‘तूट’ हा शब्द मान्य नाही. वाळूत मुरलेलं पाणी काठच्या विहिरींत उतरतं. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या भागांच्या पिण्याच्या योजना याच नदीवर आहेत. सोलापूरच्या नावाने पाळी सुटते, पितो सगळा नदीकाठ. शहर उद्या जलवाहिनीवर गेलं आणि ‘आता नदीत सोडायची गरज नाही’ असं कुणी म्हणालं, तर आमच्या गावांनी काय करायचं?

भीमाकाठ

@कोरडवाहू_मंगळवेढा, दादा, हा मुद्दा तुम्ही मांडलात ते बरं झालं. नदीत पाणी सोडूच नये असं कुणीच म्हणत नाही. पण नदीकाठच्या योजनांची मागणी त्यांच्या नावाने, त्यांच्या आकड्याने आरक्षणात यावी. आज ती शहराच्या नावाखाली दडलेली आहे, त्यामुळे तुमची नेमकी गरज कुठेच नोंदली जात नाही. पंढरपूरच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी न्यायचं तर विसर्ग लहान आणि थोड्या दिवसांचा पुरतो. औजपर्यंत न्यायचं म्हणून मोठा लागतो. मधल्या बंधाऱ्यांचे बर्गे कधी काढायचे नि कधी घालायचे, हे दोन्ही बाबतींत वेगळं असतं.

कोरडवाहू_मंगळवेढा

वेगळ्या नावाने आणि वेगळ्या आकड्याने येत असेल तर चालेल. मग आषाढी-कार्तिकीच्या वेळी चंद्रभागेत सोडायचं पाणीही त्यात लिहा. ते दरवर्षी लागतंच, तर ऐनवेळी मागणी कशाला?

हिप्परगा

थोडं अवांतर. शहराच्या उत्तरेला हिप्परग्याचा तलाव आहे, जुन्या कागदांत एकरुख. १८७१ मध्ये बांधून झाला. आजही भवानी पेठेतल्या जलशुद्धीकरण केंद्राला तिथून पाणी येतं. उजनी, टाकळी आणि हिप्परगा असे तीन स्रोत असताना तिन्हींमधून वर्षभर सारखं उचलत राहणं चूक आहे. जवळचा तलाव संकटासाठी भरलेला ठेवायचा आणि लांबचं पाणी सुरळीत आहे तोवर तेच वापरायचं. जलवाहिनी फुटली की हिप्परगा त्या भागाला सांभाळतो, पण त्यासाठी तो एप्रिलमध्ये रिकामा असून चालत नाही.

क्युसेक

@हिप्परगा, तत्त्व बरोबर. पण उथळ तलावात पाणी राखून ठेवलं की तेही उडतं. ऑक्टोबर ते जानेवारी हिप्परग्यातून बेताने उचला, फेब्रुवारीत किती उरलं ते बघा, मग ठरवा. पूर्ण हात आखडला तर उन्हाळा निम्मं नेतो.

चावी_सोडणारा

वरचे सगळे धरणात अडकलेत. उजनीत एक थेंब जास्त नसला तरी शहराचं वेळापत्रक सुधारता येतं, आणि उजनी ओसंडत असली तरी बिघडतं. कसं, ते एका टाकीवर दाखवतो.

२० लाख लिटरची उंच टाकी घ्या. तिला सेकंदाला १०० लिटर आवक असेल तर भरायला साडेपाच तास. भरायची, एका भागाला सोडायची, पुन्हा भरायची. दिवसात तीन, फार तर चार भरण्या. प्रत्येक भरणीवर ठरलेले विभाग. आता उजनीच्या पंपगृहाचा फीडर (वीज आणणारी लाइन) सहा तास ट्रिप झाला. एक भरणी गेली. ज्या विभागाची पाळी होती तो उद्यावर, उद्याचा परवावर. ‘पाणीपुरवठा एक दिवस पुढे’ ही सूचना येते ती अशी. पुढे ढकललेली भरणी भरून काढायला टाकीत किंवा जलवाहिनीत जादा क्षमता लागते. ती नसेल तर एका ट्रिपचा धक्का सगळं चक्र संपेपर्यंत राहतो.

दुसरं, व्हॉल्व्ह. बारा इंची स्लूस व्हॉल्व्हला अदमासे ३८ आटे असतात. अर्धा उघडायचा तर आटे मोजून उघडायचा. जुन्या व्हॉल्व्हचा स्पिंडल झिजला की चावी फिरते, गेट जागेवरच राहतं. वर आटे पूर्ण आणि खाली पाणी अर्धं. रस्ता डांबरला की चेंबर खाली गाडलं जातं, मग तो व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आहे त्या स्थितीत. अशा चार व्हॉल्व्हमुळे एका विभागाचं पाणी दुसऱ्यात शिरतं आणि शेवटच्या गल्लीत करंगळीएवढी धार येते. त्या धारेवर जो तो मोटार लावतो आणि धारही जाते.

नळाची_वेळ

@चावी_सोडणारा, हे फार उपयोगाचं आहे. पण फीडर सहा तास ट्रिप झाला तर नुकसान सहा तासांचंच हवं ना? प्रत्यक्षात दीड दिवस का जातो?

पाकणी_फाटा

याचं उत्तर मी देतो.

लांब जलवाहिनीत वीज गेल्याबरोबर पंप थांबतात, पण पाण्याचा लोंढा थांबत नाही. पंपापुढे दाब एकदम पडतो, मग लाट उलटी येते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आदळतो. सांधे, एअर व्हॉल्व्ह, जुन्या वेल्डिंगच्या जागा, जिथे कच्चं तिथे उडतं. आठवड्यात दोन-तीनदा ट्रिप झाली की आठवड्याच्या शेवटी कुठेतरी फुटतेच.

वीज आल्यावर सगळे पंप एकदम लावता येत नाहीत. चढावरच्या टोकांना हवा अडकलेली असते. एक पंप लावायचा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडायचा, एअर व्हॉल्व्हमधून फुसफुस थांबून पाणी यायला लागलं की पुढचा पंप. रिकामा तुकडा सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा वेगाने भरू नये. त्या वेगाने एक किलोमीटर भरायला ५५ मिनिटं. दुरुस्तीसाठी दोन स्कावर व्हॉल्व्हमधली (लाइनचं पाणी बाहेर सोडायच्या झडपांमधली) पाच किलोमीटर लाइन रिकामी केली असेल तर नुसती भरायलाच साडेचार तास. आधी ती रिकामी व्हायला वेळ, मग वेल्डिंग, मग भरणं. एक मीटर व्यासाची लाइन धरली तर किलोमीटरमागे ७.८५ लाख लिटर पाणी ओढ्यात सोडावं लागतं.

यावर उपाय तीन. पंपगृहाला दोन वेगळ्या उपकेंद्रांतून एक्स्प्रेस फीडर. लाट पेलणारी सर्ज व्हेसल चालू स्थितीत, म्हणजे तिच्यातली हवा रोज तपासलेली. आणि स्कावर व आयसोलेशन (लाइनचा तुकडा बंद करणारे) व्हॉल्व्ह हलते ठेवणं, म्हणजे पाचाऐवजी दोन किलोमीटर रिकामी करून भागतं.

शेंगाचटणी

एप्रिल-मेमध्ये पाण्याला मातीसारखा वास येतो तोही याच कारणाने का? की गाळण नीट होत नाही?

पाकणी_फाटा

ते वेगळं प्रकरण आहे, आणि ते परत धरणाच्या चालवण्याशी येऊन मिळतं.

उजनीत पुण्याकडून मुळा-मुठेचं पाणी भीमेतून येतं. त्यात सांडपाण्याचा नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर. पातळी खाली गेली, पाणी तापलं, वाहणं थांबलं की हिरवं शेवाळ फुलतं. काही शेवाळी जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, मातकट वास त्याचा. तो क्लोरीनने जात नाही. उलट इनटेकलाच (धरणातून पाणी उचलतात तिथेच) भरपूर क्लोरीन मारला तर शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतलं सगळं पाण्यात उतरतं.

करायचं ते असं. सुरुवातीचं क्लोरीन कमी करायचं. सक्रिय कोळशाची पूड कच्च्या पाण्यात आधी टाकायची आणि क्लोरीन मिसळण्याआधी तिला २० ते ३० मिनिटं द्यायची, कारण क्लोरीन भेटलं की कोळसा वाया जातो. मग तुरटी किंवा पॉली अ‍ॅल्युमिनिअम क्लोराईड. मात्रा अंदाजाने नाही, रोज जार टेस्ट. सहा चंचुपात्रं, सहा मात्रा, एक मिनिट जोरात ढवळणं, १५-२० मिनिटं सावकाश, अर्धा तास स्थिर. गुठळी कापसासारखी बसली आणि वरचं पाणी नितळ राहिलं ती मात्रा. ऑक्टोबरात १० मिलिग्रॅमवर भागणारं पाणी मेमध्ये ३० मागतं. २५० एमएलडीला ३० मिलिग्रॅम म्हणजे रोज साडेसात टन तुरटी. गोदामात ती मार्चमध्येच असायला हवी. शेवाळाने फिल्टरही लवकर तुंबतात. दिवसाआड धुवायचा फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागला की धुण्यातच पाणी जातं.

आणि ११० किलोमीटर यायला पाण्याला साधारण एक दिवस लागतो. इनटेकवर आज हिरवा रंग दिसला तर जलशुद्धीकरण केंद्रावर उद्या येणार. तिथल्या माणसाने फक्त फोन केला तरी केंद्राला तयारीला पूर्ण दिवस मिळतो.

हिप्परगा

घरी ओटी टेस्ट (क्लोरीनची चाचणी) केली आणि पिवळा रंग आला तर पाणी चांगलं समजायचं का?

पाकणी_फाटा

त्यावरून एवढंच कळतं की क्लोरीन शिल्लक आहे. नळाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक हवं. पाणी आल्या आल्या पहिली पाच मिनिटं सोडून मग नमुना घ्या. दिवसांआड पुरवठ्यात रिकाम्या नळात बाहेरची घाण ओढली जाते, पहिलं पाणी त्याचंच असतं.

नळाची_वेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किती, कोणत्या पातळीपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत? @क्युसेक, तुम्हीच सुरुवात केली होती.

क्युसेक

तारखेपासून सुरू करतो. सिंचनाचं नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतं. शहराचं आरक्षण ३० जूनपर्यंत धरायची सवय आहे, ती मला पटत नाही. उजनी स्वतःच्या पावसावर भरत नाही. पुण्याकडची धरणं भरून दौंडला आवक वाढली की भरते, आणि ते जुलैअखेर किंवा ऑगस्टवरही जातं. म्हणून आरक्षण ३१ जुलैपर्यंत. १५ ऑक्टोबरपासून २८९ दिवस. २५० एमएलडीने २.५५ टीएमसी. जलशुद्धीकरण आणि जलवाहिनीतली १० टक्के तूट धरून २.८.

पातळीचं जास्त महत्त्वाचं. हे २.८ टीएमसी ‘कुठेतरी धरणात’ असून उपयोग नाही, इनटेकच्या तोंडावर हवेत. मृत साठ्यात गाळ किती हे सोडून ६३.६६ चा आकडा वापरणं धोक्याचं, त्यातला काही भाग आता पाणी नाहीच. म्हणून ठराव टक्क्यांत न होता मीटरमध्ये व्हावा : ३१ जुलैला पातळी इनटेकच्या वरच्या तोंडाच्या इतकी मीटर वर राहील, त्याखाली कालव्याची पाळी नाही. पंपाच्या बेलमाउथवर (पाणी ओढणाऱ्या तोंडावर) त्याच्या व्यासाच्या दीड-दोनपट पाणी नसेल तर भोवरा होतो, हवा आत जाते आणि इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) कुरतडला जातो. ती पातळी हाच खरा तळ.

त्याखाली गेलं तर दुबार पंपिंग. तरंगत्या तराफ्यावर पंप लावून दूरचं पाणी जॅकवेलच्या चारीत आणायचं. तिबार लागलं तर त्याच्याही पुढे दुसरा तराफा. याला ट्रान्सफॉर्मर, उच्चदाब लाइन, होज, चर खोदणं असं सगळं लागतं आणि निविदेसकट दीड-दोन महिने जातात. म्हणून त्याचा निर्णय तळ गाठल्यावर घ्यायचा नसतो. पातळी रोज किती सेंटीमीटर उतरते ते बघायचं. दिवसाला ३ सेंटीमीटर उतरत असेल तर दोन महिन्यांत १.८ मीटर. तळाच्या १.८ मीटर वर असतानाच काम सुरू झालेलं पाहिजे. तराफा आला की जलपर्णी आणि मासेमारीची जाळी पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर येऊन बसतात, त्यासाठी माणसं वेगळी.

भीमाकाठ

क्युसेक यांच्या ठरावात एक ओळ वाढवा. शहर दोन्ही जलवाहिन्यांवर पूर्ण चालू असेल तेव्हा टाकळीचा उपसा बंद नाही करायचा, बाजूला ठेवायचा. औज पावसाळ्याच्या अखेरीस नदी वाहती असतानाच बर्गे घालून भरून घ्यायचा. ते पाणी फुकट मिळतं. उन्हाळ्यात जलवाहिनी फुटली तर टाकळी तेव्हा कामी येते, आणि त्यासाठी उजनीतून ५ टीएमसी सोडावे लागत नाहीत.

कोरडवाहू_मंगळवेढा

आणि नदीकाठच्या योजना वेगळ्या ओळीत, वारीसकट.

भीमाकाठ

वारीसकट.

चावी_सोडणारा

शहराच्या बाजूनेही एक ओळ हवी. प्रत्येक टाकीवर आवक आणि जावक असे दोन मीटर. उजनीतून २५० निघाले आणि टाक्यांत २०० आले, तर ५० कुठे गेले हे त्याशिवाय सांगता येत नाही. मीटर नाहीत तोवर आरक्षण वाढवून मागत राहणार आणि वेळापत्रक तसंच राहणार.

नळाची_वेळ

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी पालकमंत्री आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात हे चारही मुद्दे टाकतो. मसुदा इथेच चिकटवेन. रोजची पातळी सकाळी सहाची घ्यायची ना?

क्युसेक

हो, सकाळी सहाची. सोबत दौंडची आवक, दोन्ही कालवे, भीमा-सीना बोगदा, उपसा योजना आणि नदीचा विसर्ग असे रकाने पाडा. आवकेतून सगळे विसर्ग वजा करा आणि साठ्यातल्या फरकाशी ताडून बघा. उरतं ते बाष्पीभवन आणि नोंद नसलेला उपसा. उन्हाळ्यात ही शिल्लक आठवड्यागणिक लिहून ठेवा, निवेदनाला सर्वात जास्त वजन तिचं येईल.